दादाभाईंचा मतदारसंघ नकाशावर शोधताना

दादाभाई नौरोजी १८९२ साली फिन्सबरीतून पार्लमेंटात गेले, हे शाळेपासून पाठ असतं. म्हणून लोक लंडनच्या नकाशावर फिन्सबरी पार्क उघडतात आणि तिथेच चुकतात. ते ठिकाण बरंच उत्तरेला आहे. शोधायचं क्लर्कनवेल, लंडनचा हा जुना भाग त्यांच्या मतदारसंघात होता. बेळगावचं वडगाव-शहापूर म्हटलं की विणकरांचे माग, तसं क्लर्कनवेल म्हटलं की त्या काळी घड्याळवाले.

१८३२ मध्ये फिन्सबरी हा दोन खासदारांचा भला मोठा मतदारसंघ होता. १८८५ च्या पुनर्रचनेत त्याचे तुकडे पडले. फिन्सबरी सेंट्रल त्यातलाच एक, होबर्न दुसरा. दादाभाई १८८६ ला होबर्नमधून पडले, ती जागा म्हणजे शेजारचीच. १८८८ मध्ये पंतप्रधान सॅलिसबरी त्यांना उद्देशून ‘काळा माणूस’ बोलून गेले, ते याच पराभवाबद्दल.

१८९२ चा सेंट्रलचा निकाल: दादाभाई २,९६१, त्यांचे प्रतिस्पर्धी पेंटन २,९५६. कुणी ५ मतं लिहितं, कुणी ३. फेरमोजणीमुळे हा घोळ. निकाल वाचताना मतदार कोण होते तेही बघावं. बायकांना मत नव्हतं. गरिबांसाठीची सरकारी मदत घेतली की नाव गेलं. भाडेकरू पुरुषाला मत मिळे, पण खोलीचं भाडं बिनसामानाचं धरून वर्षाला किमान १० पौंड हवं, त्याच जागेत १२ महिने काढलेले हवेत, आणि दरवर्षी नव्याने अर्ज करायचा. मधेच बिऱ्हाड हललं की त्या वर्षीचं मत बुडालं. उलट, ज्याची मालमत्ता चार ठिकाणी त्याला मतंही चार ठिकाणी. इतक्या थोडक्या फरकाच्या जागेत उमेदवाराच्या भाषणाइतकंच वजन यादीवर बसून काम करणाऱ्याला असतं, असं माझं मत. आपल्याकडे मतदार यादीसाठी गल्लोगल्ली फिरणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको.

१८९५ ला दादाभाई मॅसी-मेनवेरिंग यांच्याकडून हरले. १९१८ मध्ये सेंट्रल मोडून एकच ‘फिन्सबरी’ झाली. इथे आणखी एक फसगत: आर्चर-शी हे १९१० पासून सेंट्रलचे खासदार होते आणि १९१८ नंतर फिन्सबरीचेही, त्यामुळे जागा तीच वाटते. हद्दही निराळी आणि मतदारही, कारण त्याच वर्षी तिशीवरच्या बऱ्याच बायका यादीत आल्या. २००८ ला उचगाव आणि बागेवाडी हे विधानसभा मतदारसंघ गेल्यावर त्यांचे जुने आकडे बेळगाव ग्रामीणशेजारी मांडून ‘मतं घटली’ म्हणणारे आपण पाहतोच. गावं जुळवल्याशिवाय तशी बेरीज-वजाबाकी करू नये.

पुढचा माग सोपा आहे. १९५० ला शोरडिच अँड फिन्सबरी, १९७४ पासून इस्लिंग्टन साउथ अँड फिन्सबरी. क्लर्कनवेलमध्ये आज नौरोजी स्ट्रीट आहे. नकाशावर आधी तीच टाकावी.