वडाळा, जामखेड, मिरज: मिशनचं आरोग्यकाम बघायला जाणाऱ्यांसाठी

जामखेडला ग्रामीण आरोग्य प्रकल्पाचं काम बघायला येणारे बरेचजण दुपारी पोचतात, रुग्णालयाच्या आवारात फिरतात, फोटो काढतात आणि संध्याकाळी परतीला लागतात. असं करू नका. बघण्यासारखं आवारात थोडं आणि वाड्यावस्त्यांवर बरंच आहे. ते नीट समजून घ्यायचं तर सुरुवात जामखेडपासूनही करू नये, वडाळ्यापासून करावी.

वडाळा बहिरोबा नेवासा तालुक्यात, अहिल्यानगर–छत्रपती संभाजीनगर रस्त्यावर आहे. घोडेगाव सोडलं की थोड्याच वेळात येतं. इथल्या ख्रिस्ती मिशन रुग्णालयात १९६०च्या दशकात डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे जोडपं काम करत होतं. दोघंही वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजातून शिकून आलेले. हगवणीनं सुकलेलं मूल सलाइन लावून बरं करायचं आणि दोन महिन्यांनी तेच मूल पुन्हा त्याच अवस्थेत खाटेवर यायचं, हा तिथला अनुभव. आजार गावातल्या पाण्यात, ताटात आणि बाळंतपणाच्या खोलीत, आणि मिशनचा सगळा पैसा रुग्णालयाच्या भिंतींच्या आत. वडाळ्याला अर्धा दिवस पुरतो, पण हे डोक्यात घेऊन पुढे गेलात तर जामखेड वेगळं दिसतं.

अहिल्यानगरहून जामखेड साधारण ७५ किलोमीटर आहे. एसटी चिचोंडी पाटील, कडा, आष्टी करत जाते. आष्टीपर्यंत रेल्वे २०२२मध्ये सुरू झाली, पण गाड्या मोजक्या आहेत, तेव्हा एसटीच धरावी. उन्हाळ्यात निघणार असाल तर पहाटेची गाडी घ्या, कारण एप्रिल-मेमध्ये अकरानंतर वस्तीवर कोणी बोलायला थांबत नाही आणि थांबवूही नये.

आरोळे दांपत्य अमेरिकेत सार्वजनिक आरोग्य शिकून १९७०मध्ये जामखेडला आलं आणि सर्वंकष ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू झाला. काळही अनुकूल होता. जिनिव्हात जागतिक चर्च परिषदेने १९६८मध्ये ख्रिस्ती वैद्यकीय आयोग नेमला होता. चर्चचा बहुतेक आरोग्यनिधी रुग्णालयातल्या उपचारांवर जातो आणि रुग्णालयापर्यंत न पोचणारा गरीब तसाच राहतो, हे त्या आयोगाने उघडपणे मांडलं. जामखेड त्यांच्या नजरेत आलं ते यामुळे. १९७५मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने जगभरातल्या अशा प्रयोगांचं संकलन काढलं, त्यात जामखेड होतं, आणि तीन वर्षांनी अल्मा-आटाच्या परिषदेत प्राथमिक आरोग्यसेवेचा जो विचार स्वीकारला गेला त्यामागे असेच प्रयोग होते. दोघांना १९७९मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

सुरुवातीला गावोगाव शिकलेल्या नर्स पाठवून पाहिल्या, पण ते जमलं नाही. बाहेरून आलेली, एकटी राहणारी नर्स सासूच्या परवानगीशिवाय सुनेपर्यंत पोचू शकत नव्हती. मग गावानेच आपली बाई आरोग्य कार्यकर्ती म्हणून निवडायची असं ठरलं. निवडल्या गेलेल्यांत अनेकजणी दलित वस्तीतल्या होत्या, बऱ्याच जणींना लिहितावाचता येत नव्हतं. त्यांचं शिक्षण नियमित आणि थोडंथोडं व्हायचं. एक विषय शिकायचा, गावात जाऊन वापरायचा, अडचण घेऊन परत यायचं. भाषणं कमी, करून बघणं जास्त. अर्भकमृत्यूचं प्रमाण १९७१मध्ये हजार जन्मांमागे १७६ होतं, १९९६पर्यंत ते २६वर आलं. त्यात रस्ते, पाणी, शाळा या सगळ्याचा वाटा आहे. तरीही घरापर्यंत पोचणारी बाई नसती तर इतका उतार पडला नसता, असं आम्हाला ठामपणे वाटतं.

गावात गेल्यावर कार्यकर्तीच्या मागे मागे सकाळभर फिरा. प्रश्न विचारायची घाई करू नका, ती हाताने काय करते ते बघा. तापलेलं, खोकणारं मूल समोर आलं की ती आधी त्याला आईच्या मांडीवर शांत होऊ देते, सदरा वर करून पोटाची हालचाल पूर्ण एक मिनिट मोजते. अर्धा मिनिट मोजून दुप्पट करत नाही, कारण लहान मुलाचा श्वास एकसारखा चालत नाही. दोन महिन्यांच्या आतलं बाळ असेल तर मिनिटाला ६० किंवा जास्त, वर्षाच्या आत ५०, त्यापुढे पाच वर्षांपर्यंत ४० किंवा जास्त, म्हणजे श्वास जलद. मूल रडत असताना मोजलं तर आकडा खोटा येतो. छाती आत ओढली जात असेल, मूल अंगावर पीत नसेल किंवा दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचा श्वास जलद असेल, तर औषधाचा विचार मागे पडतो आणि गाडी बोलावली जाते.

दंडाचा घेर मोजायची रंगीत पट्टी सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांसाठी असते. डावा दंड, खांदा आणि कोपर यांच्या बरोबर मध्ये, हात सैल सोडलेला. ११.५ सेंटिमीटरच्या आत म्हणजे तीव्र कुपोषण, १२.५च्या आत मध्यम. नवखे लोक पट्टी इतकी आवळतात की कातडीला चुण्या पडतात आणि धडधाकट मूल कुपोषित ठरतं. पट्टीबरोबर दोन्ही पावलांवर अंगठा तीन सेकंद दाबून खळगा राहतो का तेही बघायचं असतं. सुजेमुळे मूल गुबगुबीत दिसतं आणि नेमकं तेच मूल सुटतं.

हगवणीचं पाणी घरात करून दाखवायला सांगा. एक लिटर उकळून गार केलेलं पाणी, सपाट भरलेले सहा छोटे चमचे साखर, अर्धा छोटा चमचा मीठ. चमचा शिगोशिग भरला की मीठ जास्त होतं आणि ते बाळाला घातक ठरतं, म्हणून कार्यकर्ती प्रत्येक घरी त्याच घरातला चमचा वापरून बोटाने सपाट करून दाखवते. केलेलं पाणी २४ तासांनंतर फेकायचं. सोबत जस्ताच्या (झिंक) गोळ्या १४ दिवस, सहा महिन्यांच्या पुढे रोज २० मिलिग्रॅम, त्याआधी १०. हगवण तिसऱ्या दिवशी थांबते आणि गोळ्याही तिसऱ्या दिवशीच थांबतात, हा सगळीकडचा घोळ. पुढच्या भेटीत पाकीट मागून उरलेल्या गोळ्या मोजणं हाच त्यावर उपाय.

पाण्याचीही गोष्ट विचारा. सुरुवातीच्या वर्षांत हातपंप बसवताना बोअर दलित वस्तीत घेण्यावर भर होता. सवर्णांना पाणी हवं तर तिथे यावं लागे. रोगजंतूंइतकाच जातीचा विचार करून केलेलं हे काम होतं आणि त्यामागे ख्रिस्ती श्रद्धा स्पष्ट होती. जुन्या जाणत्या बायकांशी बोलताना हे विषय निघतात. निघाले तर ऐकून घ्या.

कधी जायचं, हे इथे फार महत्त्वाचं आहे. जामखेड, आष्टी, पाटोदा हा ऊसतोडीचा पट्टा. दसरा-दिवाळीनंतर मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतलेली कुटुंबं कारखान्यांकडे जातात ती मार्चच्या आसपास परततात. त्या काळात गेलात तर वस्तीवर म्हातारी माणसं आणि काही मुलंच भेटतील. गाव भरलेलं बघायचं तर जुलै ते सप्टेंबर जा. ज्यांना पुढे या भागात मदत करायची आहे त्यांनी मात्र रिकाम्या गावातही एकदा यावं. क्षयाची औषधं मध्येच तुटतात, बाळाचा १०व्या-१४व्या आठवड्याचा डोस राहून जातो, गरोदर बाई फडावर नवव्या महिन्यापर्यंत मोळ्या उचलते, ते याच काळात. लस कुठल्याही सरकारी केंद्रात मोफत मिळते. अडतं ते लसीकरणाच्या कार्डापाशी, कारण कार्ड घरी पत्र्याच्या पेटीत राहिलेलं असतं. निघण्याआधी कार्ड प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून आईच्या सामानात ठेवणं आणि औषधांचा पुढचा साठा हातात देणं, इतक्या साध्या कामाला माणूस लागतं आणि त्यासाठी देणगी क्वचितच मिळते.

प्रकल्पात कृत्रिम पाय बनवण्याची कार्यशाळा आहे, ती चुकवू नका. जयपूर फूटचं तंत्र डोळ्यांसमोर कळतं. उरलेल्या पायाचा प्लॅस्टरचा साचा घ्यायचा, त्यावरून भरीव ठोकळा ओतायचा, त्यावर आवरण घडवायचं आणि खाली रबरी पाऊल जोडायचं. हे पाऊल घालून अनवाणी चिखलात उतरता येतं, उकिडवं बसता येतं, शेतकऱ्याला हवं तेच. पहिल्या काही महिन्यांत उरलेला पाय आकसतो, आवरण सैल होतं, घासून जखम होते आणि माणूस पाय कोपऱ्यात टाकून पुन्हा कुबड्या घेतो. म्हणून वाटपाच्या कार्यक्रमाला पैसे देण्याऐवजी दुसऱ्या-तिसऱ्या बसवणीला आणि येण्याजाण्याच्या भाड्याला द्या.

भेटीचे काही नियम. आधी लेखी कळवून वेळ ठरवा, गटात सहाच्या वर माणसं गावात नेऊ नका. रुग्णाचा फोटो फक्त विचारून काढा, आणि लहान मुलाचा तर आईने हो म्हटल्यावरही टाळलेला बरा. सोबत मिठाई, खेळणी, जुने कपडे आणू नका. पुढच्या पाहुण्याकडून तीच अपेक्षा राहते आणि कार्यकर्तीचं बोलणं बाजूला पडतं. चर्चचा गट असेल तर प्रार्थना आपापसात जरूर करा, पण वॉर्डात पत्रकं वाटू नका. इथे उपचाराला अट नाही, तुमच्यामुळे तशी शंकाही यायला नको. परदेशातून येणाऱ्या डॉक्टरांना भारतात रुग्ण तपासायला राष्ट्रीय वैद्यक आयोगाची परवानगी लागते. ती नसेल तर हात मागे ठेवून बघायचं.

वैद्यकीय शिबिर भरवू का, असं बरेच गट विचारतात. एका दिवसात तीनशे माणसांचा रक्तदाब मोजता येतो, पण उन्हातून चालत आलेल्या माणसाचा एकदाच घेतलेला आकडा रोग ठरवत नाही. पाच मिनिटं बसवून, वेगळ्या दिवशी पुन्हा मोजावं लागतं, आणि ठरला तर गोळी वर्षानुवर्षं. तुम्ही सोमवारी गेलात की मंगळवारची गोळी कुठून? औषधं आणायची तर संस्थेने मागितलेलीच, पोचताना किमान एक वर्ष मुदत शिल्लक असलेली. डॉक्टरांकडचे नमुने जमवून आणलेलं खोकं संस्थेला नष्ट करावं लागतं आणि त्याचा खर्च तिलाच पडतो. यंत्र द्यायचं असेल तर सोबत पाच वर्षांच्या देखभाल कराराचे पैसे, स्टॅबिलायझर आणि अर्थिंगचा खर्चही द्या. रक्ततपासणीचं यंत्र घेताना कुठल्याही कंपनीचं रसायन चालतं ना, हे आधी विचारा. एकाच कंपनीचं चालत असेल तर ते परवडेनासं होतं आणि यंत्रावर कापड पडतं.

पैसे देताना: रोख २,००० रुपयांवरच्या देणगीला आयकर सवलत मिळत नाही, आणि सवलत आहे ती जुन्या करप्रणालीत. चेक किंवा ऑनलाइन द्या, पॅन क्रमांक कळवा, वर्षअखेरीस देणगीचं प्रमाणपत्र मागून घ्या. परदेशी नागरिकाचा पैसा, मग तो मूळचा नगरचा आणि ओसीआय (परदेशस्थ भारतीय) कार्डवाला का असेना, फक्त एफसीआरए, म्हणजे परदेशी देणगी नियमन कायद्याखाली, नोंदणी असलेल्या संस्थेच्या स्टेट बँकेतल्या दिल्ली मुख्य शाखेच्या खात्यातच जायला हवा. भारतीय पासपोर्ट असलेल्याने परदेशातल्या स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत दिलेला पैसा यात येत नाही. या कायद्यातल्या २०२०च्या दुरुस्तीनंतर परदेशी निधी एका संस्थेला दुसरीकडे वळवता येत नाही, आणि प्रशासकीय खर्च २० टक्क्यांच्या आत ठेवावा लागतो. त्यामुळे मोठ्या चर्चसंस्थेला द्या, ती खेड्यातल्या छोट्या दवाखान्याला देईल, हा जुना मार्ग बंद झाला आहे. छोट्या संस्थेची स्वतःची नोंदणी चालू आहे का, हे पाठवण्याआधी तपासा. शक्य असेल तर पैसा कामाला बांधून देऊ नका. पगार, डिझेल आणि वीजबिल यांना देणारा सहसा सापडत नाही.

सवड असेल तर मिरज जोडा. जामखेडहून करमाळ्यामार्गे कुर्डुवाडी, तिथून पंढरपूरवरून मिरजेला रेल्वे जाते. डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४मध्ये उभारलेल्या रुग्णालयाभोवती मिरजेची आजची वैद्यकनगरी वाढली. तिथल्या रिचर्डसन कुष्ठरुग्णालयात परवानगीने पायांच्या निगेचा वर्ग बघा. रोज वीस मिनिटं साध्या पाण्यात पाय बुडवणं, ओली घट्टे पडलेली कातडी खरबरीत दगडाने हलके घासणं, अंग ओलसर असतानाच तेल लावणं, मग आरशात तळवा तपासणं. पाणी गरम घेतलं तर बधिर पाय भाजतो आणि कळतही नाही, म्हणून आधी कोपराने किंवा घरच्या माणसाच्या हाताने बघायचं. वर्ग सकाळी लवकर असतो, तेव्हा आदल्या रात्री मिरजेत मुक्काम ठेवा.