तुम्ही विचारलंत म्हणून: दात साफ करणाऱ्यांना रिसर्च कशाला?

इंदूरच्या मराठी मंडळींत कुणाकडे मुंज असो की बारसं, मी डेंटल हायजिनिस्टच्या मुलामुलींना रिसर्च आणि सामाजिक दंतआरोग्याचं नियोजन शिकवते असं सांगितलं, की पुढचा प्रश्न ठरलेला. "दात साफ करणारे ना ते? मग त्यांना सर्वे-बिर्वे कशाला? स्केलिंग नीट शिकवा की." विचारणाऱ्यांत डेंटिस्टही असतात, म्हणून जरा सविस्तर सांगते.

स्केलिंग, म्हणजे दातांवर साचलेला कडक थर खरवडून काढणं, शिकवतोच. पण हा पेशा मुळात निघाला तो शाळेतल्या पोरांसाठी. अमेरिकेतल्या ब्रिजपोर्टच्या आल्फ्रेड फोन्स या डेंटिस्टने १९०६ मध्ये आपल्या मदतनीस आयरीन न्यूमन यांना हे काम शिकवलं, १९१३ मध्ये वर्ग काढला, आणि त्यातून शिकलेल्या बायका गावातल्या सरकारी शाळांमध्ये जाऊन मुलांचे दात पाहू लागल्या. आपल्याकडे १९४८ च्या डेंटिस्ट्स ॲक्टने हायजिनिस्टला जागा दिली, पण त्याला आपण दवाखान्यातल्या खुर्चीशेजारी उभं केलं ते केलंच.

विद्यार्थ्यांची पहिली हौस शिबिराची. बॅनर, फुकट पेस्ट, मुख्याध्यापकांसोबत फोटो. मी एवढंच विचारते, शिबिराआधी काय होतं ते मोजलंत का? मग मोजायला बसतो, आणि खरी गंमत तिथे सुरू होते.

शाळेच्या व्हरांड्यात उजेडाकडे तोंड करून मुलाला बसवायचं. एकजण तपासतो, दुसरा लिहितो. "सोळा, शून्य. अकरा, शून्य. सव्वीस, एक." सोळा, सव्वीस हे दातांचे नंबर, शून्य म्हणजे निरोगी, एक म्हणजे कीड. तेच मूल शेजारच्या विद्यार्थिनीकडे गेलं की ती म्हणते, सव्वीस शून्य. दाढेच्या खाचेत काळी रेघ आहे. एकाला ती कीड वाटली, दुसरीला नुसता डाग. दोघं माझ्याकडे बघतात. "मॅडम, डाउट है." जागतिक आरोग्य संघटनेच्या सर्वेक्षणाची रीत सांगते, शंका असेल तर दात निरोगी धरा. हे विद्यार्थ्यांना पचत नाही. दवाखान्यात शंका आली की डॉक्टरांना हाक मारायची असं आम्हीच शिकवलेलं असतं! तशी हाक इथेही मारायची, मुलाच्या हातात चिठ्ठीही द्यायची. फक्त तक्त्यात शून्य लिहायचं. नाहीतर यंदाच्या आणि पुढच्या वर्षीच्या आकड्यांत जो फरक दिसेल तो दातांचा नसून तपासणाऱ्यांच्या नजरेचा असेल.

दोघांच्या नजरा किती जुळतात हे तपासायला कप्पा (kappa) नावाचं संख्याशास्त्रातलं माप आहे. शंभरातले नव्वद दात निरोगी असतील, तर दोघांनी डोळे मिटून "शून्य, शून्य" म्हटलं तरी बहुतेक उत्तरं जुळतील. हे योगायोगाचं जुळणं कप्पा वजा करतो. हे गणित एकदा हाताने केलं, की पोरं दुसऱ्यांच्या अहवालांकडेही डोळे बारीक करून बघायला लागतात.

पुढचा घोटाळा सरासरीचा. किडलेले, किडीमुळे गेलेले आणि भरलेले दात मोजायचा डीएमएफटी हा निर्देशांक १९३८ पासून चालत आलाय. समजा वर्गात तीस मुलं आहेत. वीस जणांचा आकडा शून्य, दहा जणांचा प्रत्येकी सहा. सरासरी आली दोन, आणि वर्गात दोन किडलेले दात असलेलं एकही मूल नाही. म्हणून सर्वांत वाईट स्थितीतल्या एक तृतीयांश मुलांची सरासरी वेगळी काढायची. ती आली सहा. आता त्या दहा मुलांची नावं काढा, ती राहतात कुठे, खातात काय ते विचारा. नियोजन इथून सुरू होतं.

कधी तर ब्रशचा प्रश्नच नसतो. मध्य प्रदेशातल्याच धार, झाबुआ भागात काही गावांच्या हापशांच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. तिथल्या मुलांच्या दातांवरचे तपकिरी डाग पाहून नवखा विद्यार्थी बिनदिक्कत लिहितो, "स्वच्छता कमी". ते डाग या फ्लोराइडमुळे, लहानपणी दातांचं आवरण तयार होतानाच पडलेले असतात, घासून जात नाहीत. बारा वर्षांच्या मुलाचे पुढचे दात ते दोन-तीन वर्षांचं असताना कुठलं पाणी पीत होतं ते सांगतात. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात फ्लोराइडला लिटरमागे १ मिलिग्रॅम ही मर्यादा आहे. दुसरं पाणीच नसेल तर १.५ पर्यंत चालवून घेतात. नर्मदेचं पाणी पिणाऱ्या इंदूरच्या विद्यार्थ्यांच्या हे डोक्यातही येत नाही. अशा गावात ब्रश वाटून काय करणार? तिथे पाण्याचा नमुना तपासायला पाठवायचा आणि पाणीखात्याच्या मागे लागायचं.

आराखडा लिहिताना "जागरूकता निर्माण करणे" हे कलम मी सरळ खोडते. सहा महिन्यांनी सहावीच्या वर्गाचा स्वच्छतेचा आकडा कितीवर आणायचा, तो कोण मोजणार, पैसे कोण देणार, तेवढं लिहा.

नोकरीत याचा उपयोग किती? बरेचजण खाजगी दवाखान्यात जातात आणि तिथे डीएमएफटी कुणी विचारत नाही. हे मी वर्गातही लपवत नाही. पण डेंटिस्टला खुर्ची सोडून शाळाशाळांत फिरायला वेळ नसतो, त्यामुळे ते काम निघालं की शोध हायजिनिस्टांचाच सुरू होतो.

आणि हो, पेस्ट आम्हीही वाटतो. फक्त मोजणी झाल्यावर. आधी वाटली की पोरं तपासणीच्या दिवशी घासघासून येतात आणि सगळ्यांचे दात चकाचक निघतात.