उचंत खात्यातली इंग्रजी

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. ऑडिटचे दिवस होते आणि सीएंकडचा एक पोरगा आमच्या अडत दुकानात येऊन बसला होता. असेल तेवीस-चोवीसचा. लॅपटॉपवर आकडे टाकता टाकता माझ्याकडे बघून म्हणाला, "मॅडम, यू आर इन द ब्लॅक."

मी पेन खाली ठेवलं. म्हटलं, "हे बघ भाऊ, आमच्याकडे ब्लॅकबिक काही चालत नाही. एकेक पावती जोडून ठेवली आहे. काय बोलायचं ते मालकांसमोर बोल."

पोरगा बिचारा गोरामोरा झाला. मालक आतून बाहेर आले, त्याने काय म्हटलं ते ऐकलं आणि मग जे हसत सुटले ते चहा येईपर्यंत. इन द ब्लॅक म्हणजे फायद्यात. तोट्यात असलं की इन द रेड. तिकडे पूर्वी वह्यांमध्ये तुटीचे आकडे लाल शाईने लिहीत, त्यावरून आलेलं.

आता मला सांगा, मी नागपूरच्या कळमना मार्केटमध्ये बावीस वर्षं हिशेब लिहिते आहे. दिवाळीला वहीपूजन होतं तेव्हा वही लाल कापडात बांधलेली असते, पहिल्या पानावर कुंकवाने स्वस्तिक, बाजूला शुभ-लाभ, तेही लालच. माझ्या डोक्यात लाभाचा रंग लाल आहे. आणि काळा म्हटलं की काळा पैसा, काळा बाजार. कुणी मला काळ्यात आहेस म्हणाला तर मी आशीर्वाद समजू? (खरं तर आपल्याकडेही लाल सगळीकडे शुभ नाही. माझे वडील सरकारी नोकरीत होते, त्यांच्या तोंडून लाल शेरा हा शब्द ऐकला की घरात सगळे गप्प बसायचे. पण हे मला नंतर सुचलं.)

या फजितीतून मी शिकले एवढंच की तो लाल आणि तो काळा मला आता मरेपर्यंत विसरता यायचा नाही. पण नुसता काळा सांगितला असता तर विसरले असते. दोन्ही एकदम कळले म्हणून राहिले.

हे पुढे कामाला आलं ते माझ्या भाचीमुळे. धाकट्या बहिणीची मुलगी, घरात सगळे तिला टिनू म्हणतात. स्टाफ सिलेक्शनच्या परीक्षेची तयारी करायला काटोलहून आली आणि नागपूरच्या महाल भागात आमच्याकडेच राहिली. दिवसभर अभ्यासिकेत, रात्री जेवून पुन्हा पुस्तक. गणितात पक्की, पण इंग्रजीतल्या इडियम्सनी तिला रडवलं होतं. क्लासवाल्यांनी एक जाडजूड पुस्तक दिलं होतं, त्यात एपासून झेडपर्यंत ओळीने वाक्प्रचार. बीची पानं संपेपर्यंत ए विसरलेला असायचा.

"मावशी, तू विचार ना मला. मी पाठ करून राहिली तर डोक्यात काहीच राहून नाही राहिलं."

मी विचारायला बसले आणि माझ्याच लक्षात आलं की ही यादी म्हणजे हिशेब नव्हेच. नुसती रोजच्या पावत्यांची चळत. पावत्या कितीही जपून ठेवा, त्या खतावणीत आपापल्या खात्याला लागल्या नाहीत तर काही उपयोग नाही. मी कपाटातून एक कोरी वही काढली, मधोमध रेघ मारली, डावीकडे जमा लिहिलं, उजवीकडे नावे. टिनूला म्हटलं, एक वाक्प्रचार डावीकडे पडला की त्याच्या उलटा उजवीकडे पडलाच पाहिजे. नाही सापडला तर पुढे जायचं नाही.

पहिल्या रात्री फार भराभर गेलं. टाइट-फिस्टेड आणि ओपन-हँडेड. आपला आखडता हात आणि सढळ हात, अगदी जसेच्या तसे. पीस ऑफ केक, म्हणजे हातचा मळ, समोर हार्ड नट टु क्रॅक, म्हणजे अवघड काम. स्पिल द बीन्स, म्हणजे गुपित फोडणं, समोर कीप इट अंडर युवर हॅट, म्हणजे टोपीखाली ठेव, आपण पोटात ठेव म्हणतो. इंग्रजांचं गुपित टोपीखाली राहतं आणि आपलं पोटात, म्हणून आपलं लवकर बाहेर पडत असावं.

दुसऱ्या रात्री टिनूने स्वतःच एक जोडी लावली: अंडर द वेदर आणि ओव्हर द मून. अंडरच्या समोर ओव्हर, दिसायला ताळा जुळला. पण अंडर द वेदर म्हणजे अंगात कणकण, बरं नसणं. आणि ओव्हर द मून म्हणजे आनंद गगनात न मावणं. एक तब्येतीचं खातं, दुसरं मनाचं. आकडे सारखे आले म्हणून वेगवेगळ्या पार्टीची नावं एकमेकांसमोर मांडता येत नाहीत. तिला खोडायला लावलं. अंडर द वेदर समोर फिट ॲज अ फिडल आलं आणि ओव्हर द मून समोर डाउन इन द डम्प्स. आता ती म्हणते की त्या खाडाखोडीमुळेच चारही लक्षात राहिले.

मला ही गंमत तिथे कळली. जोडी बरोबर लागली की वाक्प्रचार पाठ होतो, पण जोडी चुकली की तो समजतो.

गरम-थंडचंच घ्या. वॉर्म वेलकम म्हणजे प्रेमाने स्वागत आणि कोल्ड शोल्डर म्हणजे तुटकपणा. हे मी मे महिन्यात लिहीत होते. बाहेर पंचेचाळीसच्या वर, कूलरमधलं पाणी दुपारपर्यंत दोनदा संपलेलं, तोंडाला दुपट्टा बांधून स्कूटीवर कळमन्याहून महालात येईपर्यंत जीव अर्धा. अशा वेळी दारात कुणी वॉर्म वेलकम केलं तर मी त्या घरी पुन्हा पाऊल टाकणार नाही. नागपुरात आदर थंड असतो. माठातलं पाणी, कैरीचं पन्हं, पंख्याखालची जागा. टिनू म्हणाली, "मावशी, हे नागपूरसाठी उलटं लिहावं लागते." लिहिलं नाही, परीक्षा आपल्या हवामानावर होत नाही. पण त्या ओळीशेजारी मी पेन्सिलीने माठ काढून ठेवला आहे.

मग आलं स्लिम चान्स. म्हटलं सोपं आहे, समोर फॅट चान्स. बारीकच्या समोर जाडा. दोघींनी लिहूनही टाकलं. पुस्तकात पाहिलं तर दोन्हींचा अर्थ एकच, म्हणजे जवळपास अशक्य! टिनू वैतागली. मला मात्र ते लगेच पटलं, कारण आमच्या मार्केटात ही भाषा रोज चालते. एखाद्याची उधारी दोन वर्षं अडकली असेल आणि कुणी विचारलं देईल का तो, तर हमाल म्हणतो, "हो, देते तो!" आवाज असा की कळतं, सात जन्मात देणार नाही. फॅट चान्स म्हणजे तोच "हो, देते तो". स्लिम चान्समध्ये निदान थोडी आशा असते, फॅटमध्ये नुसता टोमणा. म्हणजे दोन्ही एकाच बाजूला पडणार, आणि समोरची बाजू रिकामी.

बीट अराउंड द बुश आणि कॉल अ स्पेड अ स्पेड ही माझी सगळ्यात आवडती जोडी. पहिलं शिकारीतून आलेलं: झुडपांवर काठ्या आपटत पक्षी उठवायचे, प्रत्यक्ष धरायचं काम दुसऱ्याचं. आपल्याकडच्या जुन्या शिकारीत हाका घालायचे, तसंच. म्हणजे नुसता हाका घालत राहायचा आणि मुद्द्याला हात लावायचा नाही. दुसऱ्यात फावड्याला फावडं म्हणायचं, रोखठोक. टिनूने रात्री अकराला मोबाइलवर शोधून सांगितलं की मूळ ग्रीक म्हणीत फावडं नव्हतंच, तिथे होतं टबासारखं पोकळ भांडं. सोळाव्या शतकात इरॅस्मस नावाच्या डच पंडिताने लॅटिनमध्ये आणताना त्या शब्दाचा अर्थ खोदायचं अवजार असा घेतला, आणि 1542 मध्ये ते इंग्रजीत स्पेड होऊन उतरलं. वस्तूला तिच्या खऱ्या नावाने हाक मारा असं सांगणारी म्हण, आणि तिच्यातल्या वस्तूचंच नाव चुकलेलं! आमच्याकडे अशी नोंद चुकली असती तर पाचशे वर्षं कुणी चालू दिली नसती.

आणि वन्स इन अ ब्लू मून, म्हणजे क्वचित कधीतरी. समोर डे इन, डे आउट, म्हणजे रोजच्या रोज, यात काही विशेष नाही. पण निळा चंद्र म्हणजे काय ते पाहताना मी कॅलेंडर काढून बसले. एका इंग्रजी महिन्यात दोन पौर्णिमा आल्या तर दुसरीला हल्ली ब्लू मून म्हणतात. वाक्प्रचार जुना आहे, ही व्याख्या मात्र नवी, 1946 मध्ये एका अमेरिकन खगोल मासिकातल्या चुकीतून पसरलेली (इथेही चूकच). मी जुनी कॅलेंडरं टाकत नाही, व्यवहाराच्या खुणा असतात त्यांवर. 2023 चं काढलं. ऑगस्टमध्ये दोन पौर्णिमा: एक महिन्याच्या सुरुवातीला, दुसरी राखीची. आणि सुरुवातीची पौर्णिमा कुठल्या महिन्यातली? अधिक श्रावणातली.

मी टिनूला हाक मारली. बारा चांद्रमासांचे 354 दिवस होतात, वर्षाला अकरा दिवस कमी. ते अकरा-अकरा साठत जातात आणि बत्तीस-तेहतीस महिन्यांनी एक आख्खा महिना उरतो. आपण त्याला अधिक मास म्हणून वेगळा काढतो, जावयाला तेहतीस अनारसे देतो. इंग्रजी कॅलेंडरात तो जादा महिना दिसत नाही, पण जादा पौर्णिमा कुठेतरी उगवतेच. एकोणीस वर्षांत आपले सात अधिक मास, त्यांचेही साधारण सातच निळे चंद्र. शिल्लक एकच, फक्त दोन पेढ्यांनी वेगवेगळ्या खात्यात दाखवली. तिकडे तिला क्वचित घडणाऱ्या गोष्टीचं नाव मिळालं, आणि आपण म्हणतो दुष्काळात तेरावा महिना. ज्याच्या घरात धान्य संपलं आहे त्याला तो महिना क्वचित येतो याचं काय कौतुक!

टिनू म्हणाली, "हे परीक्षेत नाही विचारत, मावशी." तिचं बरोबर होतं.

ॲपल्स अँड ऑरेंजेसवर मी तिच्याशी भांडले. दोन गोष्टींची तुलनाच होऊ शकत नाही असा त्याचा अर्थ. अहो, का होऊ शकत नाही? काश्मीरचं सफरचंद पेटीत येतं, आमचा संत्रा आंबिया बहाराच्या हंगामात गाड्या भरभरून सुटा येतो आणि टनावर बोली लागते. पण गिऱ्हाईक एकच असतं आणि त्याच्या खिशातले पैसेही तेवढेच. संत्रा महागला की तो सफरचंदाकडे वळतो. कळमन्यात दिवसभर तुलना चालते ती याचीच. ज्याने हा वाक्प्रचार काढला तो फळबाजारात कधी गेला नसावा. समोर टू पीज इन अ पॉड लिहिलं, एका शेंगेतले दोन दाणे, पण नाइलाजाने.

वहीच्या शेवटी मी एक पान वेगळं ठेवलं होतं. हिशेबात जी रक्कम कुठल्याच खात्याला लागत नाही ती उचंत खात्यात टाकतात. खुलासा झाला की मग योग्य ठिकाणी न्यायची. ज्यांना उलटा जोडीदार मिळाला नाही ते सगळे त्या पानावर. त्यात सगळ्यात वर ब्रेक अ लेग.

नाटकवाल्यांचा शब्द. रंगमंचावर जाणाऱ्याला सरळ शुभेच्छा दिल्या तर अपशकुन होतो अशी समजूत, म्हणून उलटं बोलायचं, पाय मोडो. टिनूच्या परीक्षेच्या दिवशी ती दारात चपला घालत होती आणि मी मोठ्या उत्साहाने म्हणाले, "ब्रेक अ लेग!" सासूबाई दही-साखरेची वाटी घेऊन मागे उभ्या. त्यांना लेग कळतो.

"पोरगी पेपरले चालली अन् तू पाय मोड म्हणतेस वो?"

मी समजावलं. त्यांना पटलं नाही. टिनूने दही-साखर खाल्ली, आजीच्या पाया पडली आणि म्हणाली, "येते."

ती जात होती आणि येते म्हणाली. यात कुणाला काही वावगं वाटलं नाही, मलाही नाही. संध्याकाळी दुकानात बसल्यावर डोक्यात आलं. बांगडी फुटली की आपण वाढवली म्हणतो. मंगळसूत्र तुटलं तरी वाढवलंच. मग नाटकवाल्यांनी एक पाय मोडला तर सासूबाईंना एवढं काय लागलं?

पण जोडी तरीही लागत नव्हती. ते वाईट बोलून चांगलं मागतात, आपण चांगलं बोलून वाईट झाकतो. हे उलटं आहे की सारखंच? वही समोर उघडी, डावीकडे ब्रेक अ लेग, उजवीकडे कोरं. टिनूचा निकाल अजून लागायचा होता, तेव्हा घाई कसली.

साडेसात झाले. हमाल गेले होते. मालकांनी गल्ला मोजून कुलूप हातात घेतलं आणि नेहमीसारखं म्हणाले, "चला ताई, दुकान वाढवू."

मी ते उजवीकडे लिहिलं, पुढे प्रश्नचिन्ह टाकलं आणि वही पिशवीत घातली.