तंबू जागचा हलला नाही, उंची मात्र ४२ मीटर वाढली

पहाटे पाचला थंडीनेच जाग आली. स्लीपिंग बॅगमधून हात बाहेर काढून आधी जीपीएस चालू केला, आणि स्क्रीनवर उंची आली २७५२ मीटर. रात्री झोपताना हीच उंची २७१० होती, मी वहीत लिहून ठेवली होती, तंबू तिथेच, आम्ही दोघं तिथेच, बाहेरचं तळंही तिथेच, आणि एका रात्रीत ४२ मीटर वाढले!

"काका, हवेचं प्रेशर पडलंय. चार मिलिबार तरी गेलेत बघा."

काका झोपेत होते पण मिलिबार शब्द कानावर पडला तसे उठून बसले. "अरे मग आवर पटकन, दहाच्या आत खिंड ओलांडली पाहिजे."

आता हे जरा नीट सांगतो, कारण हँडहेल्ड म्हणजे हातात धरायचा जीपीएस घेणाऱ्या बऱ्याच जणांचा इथेच घोळ होतो. माझ्या युनिटात उंची दोन पद्धतींनी मिळते. एक सॅटेलाइटवरून, आणि दुसरी आतल्या छोट्या बॅरोमीटरवरून. बॅरोमीटर बिचारा फक्त हवेचा दाब मोजतो, दाब कमी झाला की त्याला वाटतं आपण वर चढलो. मिलिबार हे दाबाचं माप, समुद्रसपाटीजवळ एक मिलिबार म्हणजे साधारण ८ मीटर, आणि आम्ही होतो त्या उंचीवर हवा विरळ असल्याने जवळपास ११ मीटर. त्यामुळे माणूस जागचा न हलता उंची ४२ मीटर वाढली तर त्याचा अर्थ एकच, हवामान बिघडतंय. मात्र हे कळायला ऑटो कॅलिब्रेशन बंद असायला हवं, नाहीतर युनिट सॅटेलाइटकडे बघून उंची आपोआप सुधारत बसतं आणि हा इशारा पुसून जातो. मी मुक्कामाच्या ठिकाणी ते नेहमी बंद ठेवतो.

काका माझे नात्यातले नाहीत, पण इतकी वर्षं सोबत डोंगर चढतोय की दुसरं काही म्हणवत नाही. त्यांच्याकडे पहिलं युनिट आलं ते २००० सालच्या आधी, म्हणजे अमेरिकन सरकार नागरी सिग्नलमध्ये मुद्दाम चूक घालायचं तेव्हा. ते सांगतात की एका दगडावर बसून राहिलं तरी स्क्रीनवरचा ठिपका शंभर-शंभर मीटर फिरायचा. २ मे २००० ला ती चूक बंद केली आणि दुसऱ्या दिवशी त्याच युनिटात तोच दगड जागेवर सापडला. ते हे सांगताना अजूनही त्यांचा चेहरा खुलतो.

निघायच्या आधी माझे दोन संध्याकाळ फक्त मॅपमध्ये गेले होते. युनिटात येतो तो बेसमॅप हायवे आणि मोठी गावं दाखवण्यापुरता असतो, डोंगरात गेलं की स्क्रीन रिकामी आणि त्यावर आपला एक त्रिकोण. म्हणून ओपनस्ट्रीटमॅपवरून, म्हणजे लोकांनी मिळून केलेल्या खुल्या नकाशावरून, केलेला पायवाटांचा मॅप आणि कॉन्टूरचा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषांचा, वेगळा मॅप असे दोन मी मेमरी कार्डावर टाकतो. जुन्या युनिटाला कार्डावर एका ठराविक नावाचीच फाइल कळायची, आणि मागे एकदा मी कॉन्टूरची फाइल त्याच नावाने कॉपी केली, कॉम्प्युटरने विचारलं बदलू का, मी हो म्हटलं आणि पायवाटांचा सगळा मॅप गेला, ते कळलं थेट दुसऱ्या दिवशी रानात. आताच्या युनिटांना वेगवेगळ्या नावांच्या फाइली चालतात, पण दुसरी एक गंमत आहेच, कॉन्टूरचा मॅप पारदर्शक नसेल तर तो वरून बसतो आणि खालच्या वाटा झाकून टाकतो. म्हणून दोन्ही मॅप चालू करून, जायच्या भागावर स्क्रीन सरकवून, झूम आत-बाहेर करून मी घरीच बघतो. रेषा आणि वाटा दोन्ही दिसल्या पाहिजेत, आणि खिंडीच्या पलीकडच्या बाजूलाही दिसल्या पाहिजेत. मॅप तुकड्या-तुकड्यांचा असतो, पलीकडचा तुकडा घ्यायचा राहिला तर खिंडीवर पोचल्यावर पुढे कोरं पान.

जागेचं म्हणाल तर असे रेषांचे मॅप फार हलके, अख्ख्या प्रांताचा मॅप सुद्धा कार्डाच्या कोपऱ्यात मावतो. स्कॅन केलेला कागदी नकाशा चित्र म्हणून टाकायचा झाला तर मात्र तो जड आणि युनिट किती तुकडे घेणार यालाही मर्यादा, माझ्या जुन्या युनिटात शंभर. त्यामुळे चित्राचा नकाशा मी फक्त खिंडीच्या आसपासचा घेतला. शिवाय एक जादा कार्ड, त्यावर सगळं तसंच्या तसं, प्लास्टिकच्या डबीत.

पहिल्या दिवशी पायथ्याला काकांच्या नकाशावर १६४० लिहिलेला पूल होता, तिथे उभं राहून मी बॅरोमीटरला १६४० सांगितलं आणि चालायला लागलो. सुरुवातीचे दोन तास घळीतून. घळीत दोन्ही बाजूंना कडे, आभाळाची एक पट्टी दिसते, सिग्नल कड्यावर आपटून येतात, आणि ट्रॅक, म्हणजे युनिटाने नोंदलेली आमची वाट, बघावा तर आम्ही ओढ्याच्या कधी या काठाला कधी त्या काठाला, एकदा तर सरळ कड्याच्या पोटात. युनिट धरायची पण पद्धत असते, ज्याला वर बोटभर अँटेना आहे ते उभं धरायचं, ज्याला तशी नाही ते स्क्रीन आभाळाकडे करून आडवं. मी बॅगेच्या खांद्याच्या पट्ट्यावर वरच्या बाजूला अडकवतो, खिशात ठेवत नाही.

दुपारी उघड्या दांडावर बसलो तेव्हा काकांनी विचारलं, "सॅटेलाइटची उंची किती दाखवतंय रे तुझं?" बघितलं तर दर मिनिटाला आकडा वेगळा, पंधरा-वीस मीटर खाली-वर. ठिपका मात्र जागेवर. याचं कारण मला फार आवडतं. सॅटेलाइट २०,२०० किलोमीटरवर, आपल्याला दिसणारे सगळे डोक्याच्या वर. पूर्वेचा सॅटेलाइट पश्चिमेच्या सॅटेलाइटची चूक सावरतो, उत्तरेचा दक्षिणेची, पण उंचीच्या बाबतीत खालून सावरायला कोणी नाही, खाली पृथ्वी आहे. म्हणून उंचीची चूक आडव्या चुकीच्या दीडपट-दुप्पट तरी असतेच.

काकांच्या फोनवरचं ॲप तर आणखी चाळीस मीटर खाली दाखवत होतं. ते ॲप गणिती लंबगोलावरून, म्हणजे पृथ्वीच्या हिशेबापुरत्या मानलेल्या गुळगुळीत आकारावरून, उंची काढतं आणि तशीच दाखवतं, माझं युनिट त्यात समुद्रसपाटीची दुरुस्ती करतं. हा फरक जागेप्रमाणे बदलतो, श्रीलंकेच्या दक्षिणेला समुद्रात तो उणे शंभर मीटरच्याही पुढे आहे. आम्ही होतो तिथे पण उणेच होता, म्हणून फोन कमी दाखवत होता. फोन बिघडलेला नव्हता, त्याचा शून्यच वेगळा होता.

तळ्याजवळ पोचलो तेव्हा बॅरोमीटर म्हणत होता २६८४, आणि कागदावर तळ्याची उंची २७१०. दिवसभर कडक ऊन होतं, आणि हवा गृहीत धरलेल्यापेक्षा गरम असली की बॅरोमीटर चढ कमी मोजतो, हजार मीटर चढलो तर वीस-तीस मीटरची तूट अशा दिवशी पडायचीच. २७१० भरलं, ऑटो बंद केलं, आणि वहीत वेळ लिहिली. ती वहीची ओळ दुसऱ्या दिवशी कामाला आली.

तर पहाटेच निघालो. निघताना पुन्हा २७१० भरलं. बॅटऱ्या रात्री स्लीपिंग बॅगमध्ये पोटाशी ठेवल्या होत्या, थंडीत साध्या अल्कलाइन लगेच मान टाकतात, लिथियमच्या टिकतात. साडेआठला ढग खाली आले ते असे आले की काका दहा पावलांवर असून दिसेनात. समोर सगळा घसाऱ्याचा उतार, खुणेला झाड नाही दगड नाही, आणि वाट ३३०० मीटरवर डावीकडे वळते एवढंच माहीत. इथे मी ठिपक्यापेक्षा उंचीवर जास्त विसंबलो. नाकासमोर चढत राहायचं आणि आकडा ३३०० झाला की डावीकडे आडवं निघायचं, उंची न सोडता. ३२८०, ३२९०, काका मागून दर दहा मीटरला विचारत होते आणि मी ओरडून सांगत होतो. ३३०५ ला पायाखाली मळलेली वाट लागली.

पुढे एक गोष्ट अशी झाली की ती मी मुद्दाम लिहितोय. युनिटातल्या कॉन्टूर रेषा समोर एकसारखा उतार दाखवत होत्या, आणि प्रत्यक्षात ढगातून समोर आला तो तीन-साडेतीन पुरुष उंचीचा खडकाचा टप्पा, सरळसोट. असे बरेचसे फुकट मिळणारे कॉन्टूर २००० सालच्या फेब्रुवारीत स्पेस शटलने ११ दिवसांत रडारने केलेल्या मोजणीवरून काढलेले असतात. त्या मोजणीत तीस किंवा नव्वद मीटरला एक उंची, मधला कडा गुळगुळीत होऊन जातो. काकांच्या कागदी नकाशावर तिथे कड्याची खूण होती. "कागद बाहेर काढ," काका म्हणाले, आणि आम्ही उजवीकडून वळसा घेतला. मी तिथे वेपॉइंट, म्हणजे युनिटात त्या जागेची खूण, टाकला आणि नाव दिलं कडा.

खिंडीत सव्वादहा. कागदावर ३३८०, सॅटेलाइट ३३७२, बॅरोमीटर ३३९६. म्हणजे निघाल्यापासून दाब अजून दीडेक मिलिबार पडला होता. थांबलोच नाही. पलीकडच्या बाजूचा मॅप स्क्रीनवर होता, वाट स्पष्ट, आणि पाऊण तासात पाचशे मीटर उतरल्यावर वर खिंडीत गडगडायला लागलं. बर्फ आम्हाला लागला नाही, पाऊस लागला.

संध्याकाळी निवाऱ्यात बसून तीन आकडे लावून बघितले, त्या दिवसाचा एकूण चढ. कागदावर रेषा मोजून ७४० मीटर, बॅरोमीटरवाल्या युनिटात ७८०, फोनमध्ये ११५०. फोन सॅटेलाइटच्या उंचीची प्रत्येक थरथर चढ म्हणून मिळवत जातो, आम्ही बसलेलो असतानासुद्धा. चढाचे आकडे कोणी सांगितले तर मी आधी विचारतो कशावर मोजले.

घरी आल्यावर ट्रॅकमधला घळीतला वेडावाकडा भाग काढून टाकला, बाकीची वाट ओपनस्ट्रीटमॅपवर चढवली. कडा वेपॉइंटवर कड्याची खूण टाकली आणि उजवीकडचा वळसा पण जोडला. पुढच्या महिन्यात नवीन मॅप डाउनलोड करून कार्डावर टाकला, त्या जागी झूम केलं, तर कॉन्टूर रेषा अजून तशाच सारख्या उतरतायत, आणि त्यांच्यावर आडवी एक छोटी दातेरी रेघ आलीय. काकांना स्क्रीन दाखवली. त्यांनी चष्मा वर करून बराच वेळ बघितलं आणि विचारलं, "वळशाची वाट किती मीटर उजवीकडे आहे रे, मला पेन्सिलने कागदावर काढायची आहे."