पडवीतलं फूल

आम्स्टरडॅमच्या सेंट्रल स्टेशनमागे फेरीबोट लागते. चालत येणाऱ्याला तिकीट नाही, अगदी आपल्या गोव्यातल्या पणजी-बेती फेरीसारखंच. फक्त सायकली इतक्या की उभं राहायला जागा शोधावी लागते. पलीकडच्या काठावर चित्रपटांचं संग्रहालय आहे. 2015 साली तिथे विल्यम केंट्रिज यांचं एक मांडणशिल्प पाहिलं.

एकाला लागून एक असे आठ पडदे. त्यांवरून पंधरा मिनिटं माणसं चालत जातात. वाजंत्री, सलाइनचा स्टँड ढकलत निघालेले आजारी, नाचणारे सांगाडे, बंदूक घेतलेली एक नर्तकी. मोर्चा म्हणावा की अंत्ययात्रा? मागचा देखावा कोळशाने काढलेला, हलणारा. केंट्रिज जोहान्सबर्गचे, वर्णभेदाच्या राजवटीत वाढलेले. चित्र काढायचं, एक फ्रेम टिपायची, खोडायचं, त्याच कागदावर पुढचं काढायचं, अशी त्यांची रीत. खोडलेलं पुरतं जात नाही, करडा डाग उरतो.

यंदा चवथीआधी, म्हणजे गणेशचतुर्थीआधी, चार दिवस गोव्यात प्रियोळला घरी पोचलो. घरात रंगारी होता. बाबांना मोबाइलवर केंट्रिज यांच्या त्या मांडणशिल्पातला तुकडा दाखवला.

"अरे, हें तर रोमट!" म्हणाले. रोमट म्हणजे शिगम्यातली ढोलताशांची मिरवणूक. मग डागाची गोष्ट सांगितली, तेव्हा पडवीच्या भिंतीपाशी घेऊन गेले.

गोवा महाराष्ट्रात विलीन करायचा की केंद्रशासित ठेवायचा, यावरच्या 1967 च्या जनमत कौलात विलीनीकरणाची निशाणी फूल आणि विरोधकांची दोन पानं. आजोबांनी ह्या भिंतीवर काव कालवून फूल काढलं, दहा वर्षांचे बाबा डबा धरून उभे. 16 जानेवारीला मतदान झालं. फूल 34,021 मतांनी हरलं. (विलीनीकरणाविरुद्ध मत दिलेल्या सासष्टीकरांनो, हसू नका.) आजोबांनी चुना मारला. पुढे दर चवथीला चुना, मग डिस्टेंपर. तरी पावसात भिंत भिजली की एक पाकळी फिकट गुलाबी होऊन वर येतेच. मी लहानपणापासून तिला ओल समजत होतो.

"हरलो ते बरंच झालं ना?" मी विचारलं. परदेशात राहून असले प्रश्न विचारायची खोड लागते.

"30 मे 1987 ला गोव्याचं वेगळं राज्य झालं, तेव्हा वाड्यावर पेढे मीच वाटले," बाबा म्हणाले. "तुझ्या आजोबांनी घेतला. खाल्ला नाही. खिशात ठेवला."

रंगाऱ्याला त्यांनी तेवढी हातभर जागा सोडायला सांगितली आहे. आईला हे अजिबात पटलेलं नाही. गणपतीवर बांधलेली फळा-पानांची माटोळी बघायला लोक येणार आणि पडवीत हा डाग!