कियांती मोहीम, प्रगती नोंद: गिअर पक्के, मार्ग जवळपास पक्का, टायरचा घोळ सुरूच

इटलीतल्या कियांती टापूत सायकलवरून फिरायच्या मोहिमेची तयारी चालू आहे. मागच्या नोंदीनंतर दोन गोष्टी मार्गी लागल्या आहेत: गिअरची जुळणी आणि मार्गाचा सांगाडा. टायरचं घोडं मात्र अजून अडलेलं आहे, कारण डांबरी आणि पांढरा कच्चा रस्ता यांचं प्रमाण किती ठेवायचं यावर एकमत नाही. गिअरचं काम बहुतेकांना लगेच उपयोगी पडेल, म्हणून ते आधी.

फ्लॉरेन्स आणि सिएना यांच्या मधला हा द्राक्षांचा टापू नकाशावर अगदी सौम्य दिसतो. ग्रेवे २३६ मीटरवर, गायोले साधारण ३६०, राद्दा ५३० आणि कास्तेल्लिना ५७८ मीटरवर. आकडे बघून "एवढंच?" असं वाटतं आणि तिथेच फसगत होते. इथे एकही चढ फार लांब नाही. पण एक संपला की उतार, उतार संपला की लगेच पुढचा चढ, असं दिवसभर चालतं. एका लांब घाटात लय सापडते, इथे ती दर वीस मिनिटांनी मोडते. याला कारण इतिहास. कियांती ही फ्लॉरेन्स आणि सिएना या दोन भांडखोर प्रजासत्ताकांमधली सरहद्द. त्यामुळे गावं, गढ्या, मठ सगळं डोंगरधारेवर वसलेलं. बघण्यासारखं जे जे आहे, ते चढाच्या शेवटी आहे, हे मनाशी धरूनच आखणी करायला हवी.

गिअर

पुढे ५० आणि ३४ दात्यांच्या दोन चकत्या (५०/३४) आणि मागे ११ ते २८ दात्यांच्या चकत्या (११-२८) ही नेहमीची जुळणी इथे अपुरी पडते. हिशेब असा: स्वार, सायकल, पाणी मिळून ८५ किलो वजन धरलं आणि १० टक्के चढावर ३४/२८ गिअरमध्ये (पुढे ३४, मागे २८) पेडलच्या मिनिटाला ६० फेऱ्या मारायच्या म्हटलं, तर वेग ताशी ९.४ किमी येतो आणि साधारण २३५ वॅट लागतात. ज्याला तासभर २०० वॅटच झेपतात त्याच्या फेऱ्या आपोआप ५० च्या आसपास उतरतात. ताकद तेवढीच, पण हलक्या गिअरपेक्षा प्रत्येक फेरीत गुडघ्यावर जास्त जोर येतो. एका चढाला हे खपून जातं, दुपारच्या पाचव्या-सहाव्या चढाला मांडीत गोळे येतात. मागे ३४ दात्यांची चकती असेल तर त्याच चढावर ६० फेऱ्यांना ताशी ७.७ किमी आणि १९५ वॅटच्या आसपास भागतं. म्हणून ११-३४ कॅसेट, म्हणजे मागच्या चकत्यांचा संच, ठरली.

ती बसवताना तीन ठिकाणी चुका होतात.

पहिली चूक डिरेलरची, म्हणजे चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणाऱ्या भागाची. शिमानो १०५ च्या आर७००० मालिकेत आखूड पिंजऱ्याचा डिरेलर जास्तीत जास्त ३० दात्यांची चकती घेतो आणि त्याची एकूण क्षमता ३५ दात्यांची. आपली गरज पुढचा फरक १६ अधिक मागचा फरक २३, म्हणजे ३९. लांब पिंजऱ्याचा जीएस डिरेलर नेमका ३४ दात्यांच्या चकतीचा आणि ३९ क्षमतेचा आहे. आखूड पिंजऱ्यावर बी-स्क्रू (डिरेलर आणि चकत्यांमधलं अंतर ठरवणारा) पिळून ३४ चालवल्याची उदाहरणं सापडतात, पण पुढची आणि मागची दोन्ही लहान चकत्यांच्या जोडीत चेन लोंबते आणि खडबडीत रस्त्यावर उसळून फ्रेमवर आपटते. हा काटकसरीचा मार्ग नको.

दुसरी चूक स्पेसरची, म्हणजे फट भरणाऱ्या पातळ कडीची. ११ स्पीडच्या (मागे अकरा चकत्यांच्या) एचजी७०० आणि एचजी८०० या ११-३४ कॅसेट मूळच्या अरुंद, एमटीबीच्या (माउंटन बाइकच्या) रुंदीच्या. ११ स्पीड रोड फ्रीहबवर (मागच्या चाकाच्या ज्या भागावर कॅसेट बसते त्यावर) त्या चढवताना मागे १.८५ मिमीचा स्पेसर लागतोच. तो विसरला तर कॅसेट धरून ठेवणारं लॉकरिंग पूर्ण आवळलं तरी कॅसेट हाताला हलते, आणि गिअर इंडेक्सिंग (प्रत्येक क्लिकला चेन नेमक्या चकतीवर बसणं) काही केल्या जमत नाही. तपासायची पद्धत सोपी: लॉकरिंग ४० न्यूटन-मीटरला आवळा आणि सर्वांत मोठी चकती दोन बोटांनी पुढे-मागे हलवून बघा. 'टक' असा बारीक आवाज आला की सगळं उतरवून पुन्हा.

तिसरी चूक जुनी चेन तशीच ठेवण्याची. २८ साठी कापलेली चेन ३४ ला आखूड पडते. घाईत मोठ्या-मोठ्या जोडीत गिअर पडला तर डिरेलर ताणून हँगर, म्हणजे तो फ्रेमला जोडणारा तुकडा, वाकतो. नवी चेन डिरेलरमधून न ओवता पुढच्या मोठ्या चकतीवरून (चेनरिंग) आणि मागच्या मोठ्या चकतीवरून फिरवायची, टोकं जिथे जुळतात तिथून दोन कड्या जास्त ठेवून कापायची. मग बी-स्क्रूने डिरेलरचं वरचं छोटं चाक आणि ३४ ची चकती यांत ५ ते ६ मिमी अंतर.

या कॅसेटचा तोटाही सांगायला हवा. पायऱ्या ११-१३-१५-१७-१९-२१-२३-२५-२७-३०-३४ अशा आहेत. १२, १४, १६ नाहीत. सपाटीवर घोळक्यात जाताना फेऱ्या एक तर जास्त होतात नाही तर कमी. कियांतीत सपाटीच नसल्याने तक्रारीला वाव कमी.

मार्ग

आधी प्रत्येक प्रेक्षणीय स्थळ जोडणारी रेघ ओढली होती. ती बाद केली. दर वेळी खोऱ्यात उतरून पुन्हा वर चढण्यात सगळा जीव जातो. आता तत्त्व असं: धारेवर एकदा चढायचं आणि जमेल तितका वेळ धारेवरच राहायचं.

पहिला दिवस त्यानुसार: गायोलेहून ४०८ क्रमांकाच्या रस्त्याने बादिया आ कोल्तिबुओनो. सहा किमीच्या आत २७० मीटरच्या आसपास चढ, ओक आणि चेस्टनटच्या सावलीतून. माथ्यावर व्हालोम्ब्रोसन पंथाच्या ख्रिस्ती साधूंचा अकराव्या शतकातला मठ. तिथून ४२९ ने राद्दा. राद्दाहून वोल्पाया हा जाऊन-येऊन फाटा आहे, आधी पेसा नदीकडे उतार आणि मग सहाशे मीटरच्या वर चढ. पाय जड झाले असतील तर हा सरळ गाळावा, पण गाव मात्र फार देखणं आहे. राद्दा ते कास्तेल्लिना दहा किमी, बहुतांश धारेवरून. याच पट्ट्यात वेग धरून सायकल चालवता येते. परतीला तीच धार. एकूण सुमारे ६० किमी आणि हजार-बाराशे मीटर चढ धरून चाला.

कास्तेल्लिनात थांबायचंच असेल तर चौकापेक्षा मोंतेकाल्व्हारियोचा मातीचा ढिगारा बघा. इसवी सनापूर्वी सातव्या-सहाव्या शतकातली एट्रुस्कन (रोमनांच्या आधीच्या इथल्या लोकांची) थडगी, चार दिशांना तोंड केलेली चार. हमरस्त्याच्या अगदी जवळ आहे. गावात वीया देल्ले व्होल्ते ही तटाला लागून जाणारी छताखालची गल्ली. तिथे सायकल हातात धरून चालावं, आणि क्लीटला (बुटाच्या तळाला असलेल्या, पेडलमध्ये अडकणाऱ्या प्लास्टिकच्या खाचेला) आवरणं चढवून. घासून गुळगुळीत झालेल्या दगडावर उघडी क्लीट म्हणजे घसरगुंडी, शिवाय प्लास्टिक झिजून पेडलमधून अवेळी सुटायला लागते ते वेगळंच.

दुसरा दिवस ब्रोलिओचा. गायोलेपासून दक्षिणेला दहा किमीवर ४८४ ला लागून. ११४१ पासून रिकासोली घराण्याकडे असलेला हा किल्ला. तटबंदीचे बुरूज पंधराव्या शतकातले आणि आतला लाल विटांचा वाडा एकोणिसाव्या शतकातला. इटलीचे दुसरे पंतप्रधान बेत्तिनो रिकासोली यांनी इथूनच १८७२ च्या पत्रात कियांती वाइनचं द्राक्षांचं मिश्रण लिहून ठेवलं: मुख्य सांजोव्हेझे, सोबत कानायोलो, आणि लवकर प्यायच्या वाइनसाठी माल्व्हाझिया. आजच्या कियांती क्लासिकोत सांजोव्हेझे किमान ८० टक्के लागतं.

किल्ल्याकडे चढणारा सायप्रसच्या रांगांमधला पांढरा रस्ता लेरोइकाच्या मार्गातला. ही जुन्या सायकलींची यात्रा १९९७ पासून गायोलेतून निघते, आता ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी. १९८७ पर्यंतच्याच सायकली, गिअरचे दांडे खालच्या नळीवर, ब्रेकच्या तारा हँडलबाहेर. तिच्यातूनच २००७ मध्ये व्यावसायिकांची शर्यत उभी राहिली, तीच आजची स्त्रादे बियांके. सिएनात शेवटच्या किलोमीटरमध्ये वीया सांता कातेरीनाचा १६ टक्क्यांपर्यंतचा दगडी चढ आहे. फाबियान कान्सेलाराने ही शर्यत २००८, २०१२ आणि २०१६ अशी तीनदा जिंकली. १६ टक्क्यांना ३४/३४ वरही फेऱ्या पंचेचाळीसवर येतात, तेव्हा तिथे कुणाशी ईर्ष्या करू नये.

उंचीच्या फाइलबद्दल एक इशारा. आखणीची ॲप्स उंची गुळगुळीत करून दाखवतात. "३ किमी, सरासरी ५ टक्के" असं लिहिलेल्या चढात मध्येच दोनशे मीटर १२ टक्के लपलेले असतात. फाइलवर भिस्त ठेवून सुरुवातीलाच जोर लावला की तिथे नाकी नऊ येतात. चढाचा पहिला तिसरा हिस्सा मुद्दाम एक गिअर हलका ठेवावा. दुसरं, रोड सायकल निवडली तरी ॲप पांढऱ्या रस्त्यावर ढकलतं, कारण नकाशात पृष्ठभागाची नोंदच नसते. प्रत्येक अनोळखी तुकडा उपग्रह चित्रावर बघावा. पांढरी रेघ आणि कडा विरलेल्या दिसल्या की तो कच्चा.

टायर

वाद २८ मिमी रुंदीचा टायर की ३२ चा असा आहे. डांबरीपुरतं २८ पुरे. कच्चा रस्ता दिवसाला दहा किमीपेक्षा जास्त असेल तर ३२ ट्यूबलेस (आत ट्यूब नसलेला), आणि आमचा कल तिकडेच आहे. ८५ किलो एकूण वजनाला सुरुवात पुढे ५२, मागे ५५ पीएसआय हवेच्या दाबाने करावी, पांढऱ्या रस्त्यावर ८ ते १० ने कमी. हुकलेस रिम (टायर धरणारी आतली कड नसलेली) असेल तर ७२.५ पीएसआयची मर्यादा कधीच ओलांडायची नाही. प्रत्येक टायरला ४० ते ६० मिली सीलंट (भोक आपोआप बुजवणारा द्रव), आणि उन्हाळ्यात निघायच्या आठवड्यात ताजं भरलेलं. बाटली हलवून नाही, टायर हलवून आवाज ऐकावा. खळखळ ऐकू आली नाही तर आतलं सीलंट वाळलेलं आहे.

अडचण जागेची. ३२ लिहिलेला टायर आतून २१ मिमी रुंद रिमवर ३३-३४ भरतो. फ्रेम आणि टायरमध्ये चारी बाजूंनी किमान ४ मिमी मोकळे हवेत. कियांतीची माती म्हणजे गालेस्त्रो हा पापुद्र्यांचा चिकणखडक आणि आल्बेरेसे हा चुनखडक. वेलींना मानवते तीच माती सायकलीला छळते: कोरडी असली की पिठासारखी धूळ, ओली झाली की राखाडी लगदा. तो फोर्कच्या (पुढचं चाक धरणाऱ्या काट्याच्या) कमानीत साचला की चाकच घासायला लागतं. पाऊस असेल तर पांढरा रस्ता रद्द, यावर मात्र एकमत आहे.

डिस्क ब्रेकचे रेझिन पॅड या लगद्यात झपाट्याने झिजतात. निघताना पॅडवरचा घासणारा मसाला १ मिमीच्या खाली असेल तर बदलूनच निघा, ०.५ ही शेवटची हद्द आहे. उतारावर बोटं सतत ब्रेकवर टेकवून ठेवू नका. वळणाआधी जोरात दाबून सोडायचा. जिथे कच्चा रस्ता डांबरीला मिळतो तिथे वळणाच्या आतल्या बाजूला खडी वाहून आलेली असते, सप्टेंबर-ऑक्टोबरच्या द्राक्षतोडणीत भर म्हणून ट्रॅक्टरच्या चाकांची माती. संध्याकाळी रानडुकरं.

नियम आणि वाइन

इटलीत गावाबाहेर एकामागे एक चालवणं बंधनकारक आहे. सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापासून गावाबाहेर आणि बोगद्यात कधीही चमकतं जॅकेट. रक्तातल्या अल्कोहोलची ०.५ ग्रॅम प्रति लिटरची मर्यादा सायकलस्वारालाही लागू आहे. म्हणून चव घेण्याचा थांबा दिवसाचा शेवट झाल्यावर, मुक्कामाच्या गावात. भरलेली बाटली सव्वा किलोच्या आसपास भरते, ती जर्सीच्या खिशात घालून उतार उतरणं हा शुद्ध वेडेपणा. नळावर "नॉन पोताबिले" (पिण्यायोग्य नाही) लिहिलेलं असेल तर ते पाणी भरू नये. दुपारी दुकानं आणि बरीच चर्च बंद असतात, त्यामुळे साडेबाराच्या आत शिदोरी घेऊन ठेवा. चर्चमध्ये खांदे आणि गुडघे झाकायला एक पातळ कापड बरोबर असू द्या.

उरलेलं

ग्रेवे ते पान्झानो हा २२२ क्रमांकाचा तुकडा तिसऱ्या दिवशी घ्यायचा की नाही हे ठरायचं आहे. सात किमीत सुमारे २५० मीटर, चढ सुरेख, पण सुटीच्या दिवशी मोटारसायकलींची वर्दळ असते. सकाळी आठच्या आत ग्रेवे सोडता आलं तरच त्याला होकार. ३२ च्या टायरची फ्रेममधली जागा मोजून पुढच्या नोंदीत आकडे देऊ. ज्यांच्याकडे रिम ब्रेकच्या सायकली आहेत त्यांनी तोवर आपल्या ब्रेकच्या कॅलिपरखाली (रिम दाबणाऱ्या चिमट्याखाली) किती मिमी उरतात ते मोजून ठेवावं.