आमची वाटचाल: गजर आमचा, शिव्या नकलेच्या

गजराच्या घड्याळात काय एवढं, असं म्हणणाऱ्यांनी पिएझो चकती (वीज दिली की थरथरून वाजणारी पातळ चकती) आणि कागदी कोनचा स्पीकर एकदा शेजारीशेजारी वाजवून बघावा. चकती ३००० हर्ट्झच्या आसपास किंचाळते, स्वस्त पडते, म्हणून जो तो तीच चिकटवतो. ५२० हर्ट्झचा स्क्वेअर वेव्ह, म्हणजे चौकोनी लहरीचा स्वर, गाढ झोपेतल्या माणसाला त्याहून चांगला उठवतो, हे आगीच्या भोंग्यांवरच्या प्रयोगांत दिसलंय. अमेरिकेच्या एनएफपीए ७२ या आगीच्या इशाऱ्यांच्या नियमावलीत झोपण्याच्या खोल्यांसाठी हाच स्वर सांगितला आहे. आम्ही तोच धरला. पण त्याला स्पीकरमागे बंद पोकळी लागते, पोकळीला मोठा डबा आणि डब्याला महागडी डाय, म्हणजे साचा. ‘हे घड्याळ आहे की रेडिओ?’ हे ऐकून कान किटले.

स्नूझ आम्ही ठेवलंच नाही. गजर बंद करायचा तर दाराशी ठेवलेल्या पायपट्टीवर जाऊन उभं राहायचं. पट्टी घड्याळाला ठरावीक वेळाने हजेरी देते, म्हणजे आपण चालू असल्याचा इशारा. सेल संपून हजेरी चुकली, की घड्याळावरचं गजर बंद करायचं बटण आपोआप कामाला लागतं. फर्मवेअरमधलं, म्हणजे घड्याळाच्या आतल्या प्रोग्राममधलं, हे काम बाहेरून दिसत नाही.

ऐकू कमी येणाऱ्यांना उशीखालून थरथरून उठवणारी आमची दुसरी चकती सुधारली ती मात्र आमच्या एका गिऱ्हाईक बाईंनी. त्या रात्रपाळीच्या परिचारिका, दिवसा झोपणार, त्यात ऐकू कमी. वायर सारखी चकतीच्या मानेशी तुटायची. बाई दरवेळी तुटल्या जागी लाल दोरा बांधून चकती परत पाठवायच्या. शेवटी तिथे लांब रबरी ग्रोमेट (वायरीभोवतीची नळी) घातला आणि दोरे थांबले. अजूनही नवं मॉडेल आधी त्यांच्याकडेच जातं.

मग नक्कल आली. डबा हुबेहूब, पट्टीसुद्धा. खोलून पाहिलं तर आत पिएझो चकती, गोंदाने डकवलेली, आणि हजेरीचा पत्ता नाही. पट्टीचा सेल संपला की ते घड्याळ वाजतच राही, लोक पाठचं झाकण उचकटून सेल उपसत. शिव्या मात्र आम्हाला, कारण दिसायला दोन्ही एकच! विक्रेत्यांनी आमचा चांगला मालही परत केला. सर्वांत मोठ्या विक्रेत्याने तर फोन घेणंच सोडलं. डायचे हप्ते थकले, डबे ओतणाऱ्या मोल्डरने डाय अडकवून ठेवली, ऑसिलोस्कोप (विजेच्या लहरी दाखवणारं यंत्र) विकून पगार भागवले. त्या स्कोपचं दुःख अजून आहे.

नव्याने धंद्यात येणाऱ्यांनो, नमुना कुणाच्या हाती देण्याआधी डिझाइनची नोंदणी करा. आणि गिऱ्हाइकांनो, कुणाचंही घड्याळ घ्या, पण उशाशी ठेवू नका, सुट्टीच्या दिवशीही गजराची वेळ तीच ठेवा.

नक्कलवाले पुढे गुंडाळून गेले, आमच्या ऑर्डरी हळूहळू परतल्या. नंतरच्या वर्षांत सांगण्यासारखं काही नाही. तो मोठा विक्रेताही आता माल मागतो. आम्ही देतो, पण पूर्ण पैसे आधी घेऊन. आणि खोक्यावर ‘परत घेतला जाणार नाही’ असा शिक्का मारून.